विश्लेषण : महिला सुपरहिरोंचा संघ पडद्यावर आला, तरी चाहते नाराज का?

हाणामारी ऐन रंगात आली आहे. मुखवटे घातलेल्या गुंडांची रांग संपता संपत नाही. ब्लॅक कॅनरीचे मोकळे केस सारखे तोंडावर येताहेत. तेवढ्यात शेजारी लढणारी हार्ली क्विन तिच्यापुढे केसांना बांधायचा रबर धरते. कॅनरी केस बांधते आणि पुन्हा लाथाबुक्क्या सुरू. जेमतेम काही सेकंदांचा हा प्रसंग २०२० सालच्या ‘बर्ड्स ऑफ प्रे’ या हॉलीवूडपटातला. बाकीचा चित्रपट विसरलेल्यांनाही तो आठवतो. कारण तोवर पडद्यावरच्या बहुतेक सुपरनायिका राक्षसांशी आणि परग्रहवासीयांशी मोकळ्या केसांनीच लढत आल्या होत्या आणि त्यांची एक बटही कधी डोळ्यात गेली नव्हती. लोकलच्या दारात उभे राहून केस आवरणाऱ्या कुणालाही यातली गंमत समजावून सांगावी लागत नाही.

मात्र याच चित्रपटावर नाराज झालेल्यांत महिला सुपरहिरोंचे कट्टर चाहतेही होते. दोन दशकांहून अधिक काळ ज्या कॉमिक्सची पारायणे केली, त्यातला संघ पडद्यावर आलाच नाही, ही त्यांची तक्रार. ती दोन बाजूंच्या गोंगाटात हरवली. एकीकडे ‘बायकांचे सुपरहिरोपट चालत नाहीत’ म्हणणारे, दुसरीकडे ‘टीका करणारे सगळे स्त्रीद्वेष्टे’ म्हणणारे. ती तक्रार नेमकी काय होती आणि चित्रपट पडल्यावर त्याची किंमत कोणी मोजली, हे समजून घेण्यासारखे आहे.

मूळ संघ कोणाचा?

‘बर्ड्स ऑफ प्रे’ म्हणजे शिकारी पक्षी. डीसी कॉमिक्सने १९९६ मध्ये या नावाचा पहिला अंक काढला तेव्हा त्यात दोनच मैत्रिणी होत्या. एक रस्त्यावर उतरून लढणारी ब्लॅक कॅनरी ऊर्फ डायना लान्स. दुसरी ओरॅकल ऊर्फ बार्बरा गॉर्डन, जी संगणकांसमोर बसून कॅनरीच्या कानात माहिती पोहोचवते. लेखक होते चक डिक्सन. १९९९ पासून हे कॉमिक नियमित मासिक झाले आणि २००३ पासून त्याचे लेखन गेल सिमोन यांच्याकडे आले. हंट्रेस संघात रुळली ती त्यांच्याच काळात. चाहते ‘आमचे बर्ड्स ऑफ प्रे’ म्हणतात तेव्हा बहुधा हाच काळ त्यांच्या डोळ्यांसमोर असतो.

सिमोन यांची पार्श्वभूमीही लक्षात घ्यायला हवी. लेखन हा व्यवसाय होण्याआधी त्या हेअरड्रेसर होत्या आणि कॉमिक्सच्या निस्सीम वाचक. १९९९ मध्ये त्यांनी इंटरनेटवर एक यादी टाकली. नायकाला राग यावा, त्याच्या कथेला वळण मिळावे एवढ्यासाठी ज्या स्त्री-पात्रांना मारले, जखमी केले किंवा अधू केले गेले, त्यांची ती यादी होती. या यादीत बार्बरा गॉर्डनचे नाव असणे ओघानेच आले.

बार्बरा ही गॉथम शहराच्या पोलीस आयुक्तांची मुलगी. १९६७ पासून ती ‘बॅटगर्ल’ होती. १९८८ मध्ये ॲलन मूर आणि ब्रायन बोलंड यांचे ‘द किलिंग जोक’ आले. त्यात ती दार उघडते आणि समोर उभा असलेला जोकर तिच्यावर गोळी झाडतो. मणक्याला इजा होऊन तिचे पाय कायमचे जातात. कथा पुढे जाते ती बॅटमन, जोकर आणि बार्बराच्या वडिलांची. बार्बराचे काय झाले, याचा विचार करण्याची गरज त्या कथेला वाटत नाही.

ती गरज किम येल आणि जॉन ऑस्ट्रँडर या लेखक दाम्पत्याला वाटली. त्यांनी १९८९ मध्ये ‘सुइसाइड स्क्वॉड’ या कॉमिकमधून बार्बराला ‘ओरॅकल’ या नावाने परत आणले. बार्बरा मुळात ग्रंथपाल. एकदा पाहिलेले न विसरणारी स्मरणशक्ती, संगणकावर हुकमत आणि माहिती कुठून कशी काढायची याचे पक्के भान. हळूहळू डीसीच्या विश्वातले सगळे नायक अडचणीत सापडले की तिलाच विचारू लागले. व्हीलचेअरवरून ती सगळ्यांची मोहीम चालवते. तिला दया नको असते, आणि लेखकही ती दाखवत नाहीत.

ज्या विश्वात मेलेले नायक दर दोन-चार वर्षांनी जिवंत होतात, तिथे दोन दशकांहून अधिक काळ बार्बराचे पाय ‘बरे’ झाले नाहीत. अपंग वाचकांसाठी ही फार मोठी गोष्ट होती. म्हणूनच २०११ मध्ये डीसीने सगळी मासिके नव्याने सुरू केली आणि बार्बरा पुन्हा चालू लागली, बॅटगर्ल झाली, तेव्हा या वाचकांना आपले माणूस हिरावून घेतल्यासारखे वाटले. योगायोग असा की ती नवी ‘बॅटगर्ल’ लिहिण्याचे काम सिमोन यांच्याकडेच होते.

२००२ मध्ये याच कॉमिकवर अमेरिकेत दूरचित्रवाणी मालिका आली होती. तिथे डिना मायर यांनी बार्बरा साकारली होती, व्हीलचेअरसह. मालिका १३ भागांत आटोपली. पण ओरॅकल पडद्यावर दाखवता येते, एवढे तरी तिने सिद्ध केले होते.

मग चित्रपट हार्लीचा कसा झाला?

हार्ली क्विन मुळात कॉमिक्सची नाहीच. ती १९९२ मध्ये ‘बॅटमन : द ॲनिमेटेड सीरीज’ या कार्टून मालिकेसाठी जन्माला आली. जोकरची साथीदार म्हणून आणलेले हे पात्र प्रेक्षकांना इतके आवडले की ते कॉमिक्समध्ये गेले आणि २०१६ च्या ‘सुइसाइड स्क्वॉड’ चित्रपटातून मोठ्या पडद्यावर आले. त्या चित्रपटाची समीक्षकांनी सालटी काढली. तरीही त्याने जगभरात सुमारे ७५ कोटी डॉलर कमावले आणि हार्ली झालेल्या मार्गो रॉबी घराघरांत पोहोचल्या. त्या वर्षी हॅलोविनला अमेरिकेत हार्लीचा वेश करणाऱ्या मुलींचा सुळसुळाट झाला होता.

‘सुइसाइड स्क्वॉड’मध्ये हार्ली जवळपास एकटीच, पुरुषांच्या घोळक्यात होती. तिला मैत्रिणी हव्यात, मुलींची टोळी हवी, ही कल्पना रॉबी यांनी स्वतः वॉर्नर ब्रदर्सकडे नेली. पटकथेसाठी क्रिस्टिना हॉडसन आल्या, दिग्दर्शनासाठी कॅथी यान. यान यांच्या नावावर तोवर ‘डेड पिग्ज’ हा एकच पूर्ण लांबीचा चित्रपट होता. दिग्दर्शिका, पटकथाकार, मुख्य अभिनेत्री-निर्माती, तिघीही स्त्रिया. सुपरहिरोपटांच्या धंद्यात हे अप्रूपच होते.

चाहत्यांच्या तक्रारीत न येणारी एक गोष्ट इथे नोंदवायला हवी. रॉबी नसत्या तर हा चित्रपटच नसता. व्हीलचेअरवरची ग्रंथपाल आणि रस्त्यावर लढणारी गायिका यांच्या मैत्रीवर कोणताही मोठा स्टुडिओ कोट्यवधी डॉलर लावेल, अशी परिस्थिती २०१६ मध्ये नव्हती. हार्लीच्या लोकप्रियतेच्या तिकिटावर बाकीच्या जणी आत शिरल्या. प्रश्न एवढाच की आत शिरल्यावर त्यांना बसायला जागा किती मिळाली.

चाहत्यांचे आक्षेप काय होते?

पहिला आणि सर्वांत गंभीर आक्षेप म्हणजे ओरॅकल नाही. ज्या पात्राभोवती संघ उभा राहिला, तेच वगळून संघाचे नाव वापरले गेले. लगानच्या टीममध्ये भुवन नसावा, तसे. बॅटगर्लचा स्वतंत्र चित्रपट तेव्हा स्टुडिओच्या विचाराधीन होता आणि त्याची पटकथाही हॉडसन यांच्याकडेच होती. बार्बराला त्या चित्रपटासाठी राखून ठेवले असावे, असा तर्क चाहत्यांनी लावला. त्या चित्रपटाचे पुढे काय झाले, ते ओघाने येईलच.

दुसरा आक्षेप कॅसँड्रा केनचा. कॉमिक्समधली कॅसँड्रा ही आशियाई वंशाची मुलगी. मारेकरी बापाने तिला भाषाच शिकवली नाही. शब्दांऐवजी ती समोरच्याच्या शरीराची हालचाल वाचते, त्यामुळे पुढचा ठोसा कुठून येणार हे तिला आधीच कळते. १९९९ मध्ये ती बॅटगर्ल झाली. अत्यंत वेगळे, जवळजवळ मुके असे हे पात्र. चित्रपटात याच नावाची मुलगी आहे ती बडबडी पाकीटमार, जिने एक हिरा गिळला आहे आणि म्हणून सगळे तिच्या मागे लागले आहेत. एला जे बॅस्को या छोट्या अभिनेत्रीने भूमिका गोड केली आहे, याबद्दल फारसा वाद नाही. पण तिला वेगळे नाव देता आले असते, हे चाहत्यांचे म्हणणे खोडून काढणे कठीण आहे.

तिसरा मुद्दा संघाचाच. चित्रपटाच्या नावात संघ आहे, पण हार्ली, कॅनरी, हंट्रेस, पोलीस अधिकारी रेने मोंटोया आणि कॅसँड्रा या पाच जणी खऱ्या अर्थाने एकत्र येतात त्या थेट शेवटच्या लढाईत. तोवर कथा हार्लीच्या तोंडून, हार्लीच्या मनाला येईल त्या क्रमाने चालते. मेरी एलिझाबेथ विन्स्टेड यांची हंट्रेस हे चित्रपटातले सर्वांत मजेदार पात्र असावे. आरशासमोर दमदार संवादांचा सराव करणारी, प्रत्यक्ष बोलताना मात्र अवघडणारी. तिच्या वाट्याला मोजकेच प्रसंग आले आहेत. आणि शेवटी तर गंमतच. ‘बर्ड्स ऑफ प्रे’ हा संघ स्थापन होतो तो कॅनरी, हंट्रेस आणि मोंटोया यांचा. हार्ली कॅसँड्राला घेऊन कॅनरीची गाडी पळवते आणि निघून जाते. म्हणजे ज्या संघाचे नाव पोस्टरवर आहे, त्याची कथा चित्रपट संपताना सुरू होते.

या तीन आक्षेपांना वजन आहे. त्यांच्याच शेजारी काही असेही आक्षेप होते ज्यांना ते नव्हते. कॉमिक्समधली सोनेरी केसांची ब्लॅक कॅनरी जर्नी स्मोलेट या कृष्णवर्णीय अभिनेत्रीने का साकारली, यावरून ओरड झाली. त्यांचे काम पाहिल्यावर ती बरीच विरली. हार्लीच्या कपड्यांवरूनही वाद झाला. २०१६ मध्ये कॅमेरा तिच्या तोकड्या चड्डीवरून हलत नव्हता. २०२० मध्ये ती भडक, रंगीबेरंगी, अंगावर झालर लटकणारे जाकीट घालून आली. ‘आता तिच्यात पाहण्यासारखे काही उरले नाही’, या सुरात बोलणाऱ्या एका वर्गाला चित्रपट येण्याआधीच तो नकोसा झाला होता. उलट अनेक तरुणींना हीच गोष्ट सर्वाधिक भावली. हार्लीचे कपडे या वेळी हार्लीने निवडल्यासारखे वाटतात, असे त्यांचे म्हणणे. बोडेगातल्या अंड्याच्या सँडविचवर जीव टाकणारी, पाळीव तरसाचे नाव ब्रूस ठेवणारी ही हार्ली त्यांना मैत्रीण वाटली.

‘चाहते म्हणाले’ अशी बातमी करणे म्हणूनच फसवे ठरते. २० वर्षे कॉमिक्स वाचणारा, २०१६ च्या चित्रपटातून आलेला आणि केवळ मार्गो रॉबी यांच्यासाठी तिकीट काढणारा, हे तीन वेगळे गट आहेत. महिलांच्या चित्रपटांविरुद्ध कायम दबा धरून बसलेला चौथा गटही आहे. २०१९ मध्ये ‘कॅप्टन मार्व्हल’ प्रदर्शित होण्याआधीच त्याला खाली खेचण्याचा प्रकार इतका वाढला होता की ‘रॉटन टोमॅटोज’ या संकेतस्थळाने ‘किती जणांना हा चित्रपट पाहायचा आहे’ याची टक्केवारी दाखवणेच बंद केले. हा चौथा गट मोठ्याने ओरडतो, म्हणून पहिल्या गटाचा मुद्दा ऐकूच येत नाही. ओरॅकलबद्दल विचारणाऱ्यालाही मग त्याच रांगेत उभे केले जाते.

नाव बदलायची वेळ का आली?

चित्रपटाचे पूर्ण नाव होते ‘बर्ड्स ऑफ प्रे अँड द फँटॅब्युलस इमॅन्सिपेशन ऑफ वन हार्ली क्विन’. तिकीट काढताना एवढे कोण टाइप करणार? ज्यांना हार्ली हवी होती, त्यांना तिचे नाव शोधायला ओळीच्या टोकापर्यंत जावे लागत होते. ७ फेब्रुवारी २०२० ला चित्रपट प्रदर्शित झाला आणि आठवडाभराच्या आतच तिकीटविक्रीच्या संकेतस्थळांवर व चित्रपटगृहांच्या याद्यांत तो ‘हार्ली क्विन : बर्ड्स ऑफ प्रे’ असा दिसू लागला. कॉमिक्सच्या वाचकांना हा कबुलीजबाब वाटला. चित्रपट कोणाचा आहे, हे स्टुडिओनेच सांगून टाकले होते.

तिकीटबारीचा हिशेब काय सांगतो?

अमेरिका-कॅनडात पहिल्या तीन दिवसांची कमाई ३ कोटी ३० लाख डॉलर. अपेक्षा साडेचार कोटींच्या आसपास होती. जगभरची एकूण कमाई अखेर २० कोटी डॉलरच्या घरात गेली. निर्मितीखर्च दहा कोटींच्या आत असल्याचे सांगितले जाते. आता तिकिटाचा साधारण निम्मा पैसा चित्रपटगृहांकडे राहतो आणि जाहिरातीचा खर्च वेगळा असतो. त्यामुळे निर्मितीखर्चाच्या अडीच पट कमाई झाली तर चित्रपट तरला, असा या धंद्यातला ठोकताळा आहे. त्या मापाने ‘बर्ड्स ऑफ प्रे’ तोट्यात किंवा फार तर काठावर.

या आकड्यांमागे कारणे बरीच आहेत. चीनमधली चित्रपटगृहे करोनामुळे जानेवारीच्या अखेरीसच बंद झाली होती. मार्चमध्ये अमेरिकेतलीही झाली आणि २४ मार्चला चित्रपट घरबसल्या पाहण्यासाठी उपलब्ध करावा लागला. दुसरे कारण स्वतः ओढवून घेतलेले. चित्रपटाला अमेरिकेत ‘आर’ प्रमाणपत्र मिळाले. १७ वर्षांखालील मुलांना सोबत पालक किंवा मोठे माणूस असल्याशिवाय प्रवेश नाही. हाडे मोडण्याचे आवाज, शिव्या, चेहऱ्याची कातडी सोलणारा खलनायक हे सगळे पाहता प्रमाणपत्र योग्यच होते. पण हार्लीच्या बाहुल्या, दप्तरे आणि टी-शर्ट विकत घेणाऱ्या १३-१४ वर्षांच्या मुलींचा मोठा वर्ग दाराबाहेर राहिला. याच मुलींसाठी डीसीने २०१५ पासून ‘डीसी सुपर हिरो गर्ल्स’ नावाने कार्टून आणि खेळणी आणली होती, त्यातही हार्ली होतीच. बाजारात एक हार्ली आणि पडद्यावर दुसरी.

खरी गंमत पुढच्या वर्षी झाली. ऑगस्ट २०२१ मध्ये त्याच स्टुडिओचा, त्याच हार्लीचा, तसाच ‘आर’ प्रमाणपत्राचा ‘द सुइसाइड स्क्वॉड’ आला. दिग्दर्शक जेम्स गन. अमेरिकेतली पहिल्या तीन दिवसांची कमाई २ कोटी ६० लाख डॉलर, जगभरात १७ कोटींच्या आत आणि खर्च १८ कोटींहून अधिक. म्हणजे ‘बर्ड्स ऑफ प्रे’पेक्षा जवळपास दुप्पट खर्च करून त्याहून कमी कमाई. करोनाची लाट होती, चित्रपट त्याच दिवशी एचबीओ मॅक्सवरही होता, ही कारणे सगळ्यांनी समजून घेतली आणि ती खरीही होती. त्यातल्या एका पात्रावर ‘पीसमेकर’ ही मालिका निघाली. नोव्हेंबर २०२२ पासून गन हे पीटर सॅफ्रान यांच्यासह संपूर्ण डीसी स्टुडिओजचे प्रमुख आहेत.

गन यांच्या कौशल्याबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. ‘द सुइसाइड स्क्वॉड’ उत्तम चित्रपट आहे. मुद्दा सवलतीचा आहे. एका चित्रपटाच्या अपयशाचे खापर परिस्थितीवर फुटले, दुसऱ्याच्या अपयशाचे ‘बायकांच्या टोळी’वर. ‘बर्ड्स ऑफ प्रे’चा पुढचा भाग आला नाही. २०२१ मध्ये जाहीर झालेला, जर्नी स्मोलेट यांचा ‘ब्लॅक कॅनरी’ चित्रपटही झाला नाही. हार्ली, पॉयझन आयव्ही आणि कॅटवुमन यांच्यावर २०१६ मध्येच जाहीर झालेला ‘गॉथम सिटी सायरन्स’ तर त्याआधीच बासनात गेला होता.

‘द मार्व्हल्स’नेही तेच सिद्ध केले का?

महिलांचे संघ चालत नाहीत म्हणणाऱ्यांचा दुसरा पुरावा म्हणजे मार्व्हलचा ‘द मार्व्हल्स’. २०१९ मध्ये ‘कॅप्टन मार्व्हल’ने ११३ कोटी डॉलर कमावले होते. त्याच वर्षी ‘ॲव्हेंजर्स : एंडगेम’च्या अखेरच्या युद्धात सगळ्या नायिका एका चौकटीत एकत्र येतात, तेव्हा काही जणींच्या डोळ्यांत पाणी आले. काही जणींना मात्र तो टाळ्यांसाठी रचलेला फोटो वाटला. मार्व्हलकडे केवळ नायिकांचा ‘ए-फोर्स’ नावाचा संघ २०१५ पासून कॉमिक्समध्ये तयारच होता, तो पडद्यावर यावा अशी मागणी तेव्हा जोरात झाली. आला तो मात्र २०२३ मधला ‘द मार्व्हल्स’. कॅरल डॅनव्हर्स, मोनिका रँबो आणि कमला खान अशा तिघी. कमाई जगभरात २० कोटी ६० लाख, खर्च त्याहून जास्त. मार्व्हल स्टुडिओजच्या मालिकेतला हा सर्वांत कमी कमावणारा चित्रपट ठरला.

इथेही चाहत्यांचे म्हणणे ऐकले तर वेगळेच कारण पुढे येते. मोनिकाला शक्ती कुठून मिळाली, हे कळायला ‘वँडाव्हिजन’ पाहिलेले हवे. कमला कोण, हे कळायला ‘मिस मार्व्हल’. म्हणजे तिकिटाआधी दोन मालिकांचा अभ्यास. ‘मिस मार्व्हल’ भारतीय उपखंडातल्या प्रेक्षकांच्या विशेष जिव्हाळ्याची होती. फाळणीची ताटातूट त्यात आहे आणि कमलाच्या वडिलांच्या भूमिकेतले मोहन कपूर हे नव्वदच्या दशकात ‘साँप सीढी’ पाहिलेल्या घरांत ओळखीचे. पण ज्याने ती पाहिली नाही, त्याला चित्रपटगृहात पहिली २० मिनिटे चाचपडावे लागले. शिवाय हॉलीवूडमधल्या कलाकारांचा संप प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी संपल्यामुळे नायिकांना प्रसिद्धीसाठी फिरताच आले नव्हते.

त्याच २०२३ मध्ये ‘द फ्लॅश’ आपटला. ‘शझाम! फ्युरी ऑफ द गॉड्स’ आणि ‘ब्लू बीटल’ यांची कमाई तर ‘द मार्व्हल्स’पेक्षाही कमी. तिघेही नायक पुरुष. त्यावर ‘पुरुषांचे सुपरहिरोपट आता चालत नाहीत’ असे कोणी म्हटले नाही, प्रेक्षक सुपरहिरोंना कंटाळले असे म्हटले. अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थी प्रयोगशाळेत दोन नोंदी घेऊन त्यातून सरळ रेष काढू लागला, तर सर वही परत करतात. महिला संघांच्या बाबतीत हॉलीवूडने नेमक्या दोनच मोठ्या नोंदींवर रेष काढली.

मग प्रेक्षकांना नेमके काय हवे?

आता तिसरी नोंद आली आहे. जून २०२५ मध्ये नेटफ्लिक्सवर आलेला ‘केपॉप डेमन हंटर्स’. रूमी, मीरा आणि झोई या तिघी दिवसा गाणी म्हणतात आणि फावल्या वेळात राक्षस मारतात. कॉमिकचा आधार नाही, आधीच्या कुठल्या चित्रपटाची ओळख लागत नाही. नेटफ्लिक्सच्या इतिहासात सर्वाधिक पाहिला गेलेला चित्रपट हाच. त्यातली गाणी भारतातल्या शाळकरी मुलींनाही तोंडपाठ झाली.

इतक्या दूर जायचीही गरज नाही. आज पंचविशी-तिशीत असलेल्या मराठी पिढीला महिला सुपरहिरोंचा पहिला संघ भेटला तो शाळेतून आल्यावर, कार्टून नेटवर्कवर. साखर, मसाले, चांगुलपणा आणि चुकून पडलेले ‘केमिकल एक्स’ यांतून झालेल्या तीन ‘पॉवरपफ गर्ल्स’. ब्लॉसम हुशार, बबल्स हळवी, बटरकप भांडखोर. त्या मुली आहेत म्हणून कार्टून बघायचे नाही, असे तेव्हा वर्गातल्या मुलांनाही वाटत नसे. अर्थात, त्यांचाही २००२ मध्ये आलेला चित्रपट फारसा चालला नाही, आणि तरीही पॉवरपफ संपल्या नाहीत.

या उदाहरणांत समान गोष्ट आहे. पहिल्या पाच मिनिटांत तिघी एकत्र दिसतात. त्यांची भांडणे, चिडवाचिडवी, एकमेकींवाचून अडणे हीच कथा असते. ‘बर्ड्स ऑफ प्रे’च्या कॉमिक्सची ताकद हीच होती. कॅनरी आणि ओरॅकल सुरुवातीला बराच काळ एकमेकींना प्रत्यक्ष भेटलेल्याही नव्हत्या. कानातल्या यंत्रावरून बोलत बोलत त्यांची मैत्री झाली. आज व्हॉट्सॲपवर न भेटलेल्या मैत्रिणी जपणाऱ्या पिढीला ही गोष्ट समजावून सांगायची गरजच पडली नसती. केसांचा रबर देण्याचा प्रसंग आवडतो तोही याचसाठी. चित्रपटात अशा प्रसंगांची संख्या कमी पडली, एवढेच चाहते सांगत होते.

ओरॅकल आता कुठे आहे?

बार्बरा गॉर्डनसाठी राखलेला ‘बॅटगर्ल’ चित्रपट अखेर बनला. लेस्ली ग्रेस यांची मुख्य भूमिका, मायकल कीटन पुन्हा बॅटमनच्या वेशात, चित्रीकरण स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरात, खर्च सुमारे नऊ कोटी डॉलर. ऑगस्ट २०२२ मध्ये स्टुडिओच्या नव्या व्यवस्थापनाने तो कुठेच प्रदर्शित न करण्याचा निर्णय घेतला. चित्रीकरण झालेला चित्रपट कपाटात गेला. तोटा हिशेबात दाखवून कर वाचवण्याचा मार्ग म्हणून याकडे पाहिले गेले. ज्या पात्राला २०२० मध्ये ‘दुसऱ्या चित्रपटात येईल’ म्हणून बाजूला ठेवल्याची चाहत्यांची भावना होती, त्याला २०२२ मध्ये तोही चित्रपट मिळाला नाही. आणि त्यातही ती ओरॅकल नव्हती, बॅटगर्लच होती.

छोट्या पडद्याने थोडी भरपाई केली. २०२१ मध्ये ‘टायटन्स’ मालिकेच्या तिसऱ्या पर्वात बार्बरा व्हीलचेअरवर दिसली, गॉथमची पोलीस आयुक्त म्हणून. ती साकारणाऱ्या सव्हाना वेल्च यांनी अपघातात खरोखर एक पाय गमावलेला आहे. अपंग पात्र अपंग अभिनेत्रीने साकारावे, ही चाहत्यांची जुनी मागणी तिथे पूर्ण झाली.

कॉमिक्समध्ये मात्र उलटा प्रवाह सुरू आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये लेखिका केली थॉम्सन यांनी ‘बर्ड्स ऑफ प्रे’ पुन्हा सुरू केले. ब्लॅक कॅनरी नव्या संघाची बांधणी करते आणि तिने निवडलेल्या जणींत कॅसँड्रा केन आहे. बडबडी पाकीटमार नव्हे, मूळची, मोजके बोलणारी. आणि तिच्या शेजारी, चित्रपट येईपर्यंत या संघाशी फारसा संबंध नसलेली हार्ली क्विनही.